करमुक्तेश्वर महाराजांची शाई

जालन्याच्या मोंढ्यात त्या दिवशी सरकीचा भाव कुणी विचारत नव्हतं. सत्तावन्न सालचा दसरा तीन दिवसांवर आलेला, आणि अख्खा बाजार करमुक्तेश्वर महाराजांच्या मांडवात घुसलेला! आडते, कापूसवाले, तेलघाणेवाले, एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभे. चमत्कारच तसा होता. आपल्याला बसणारा इन्कम टॅक्सचा आकडा मठाच्या निळ्या शाईनं कागदावर लिहायचा, एकशे एक रुपये दक्षिणा ठेवायची, की महाराज तीर्थ शिंपडत आणि आकडा गायब!

"आकडा गेला, कर गेला! दिल्लीच्या वहीतूनबी गेला!" महाराज गरजत. "आता या सालची बिलं-पावत्या धुनीत टाक बेटा. पापाचा कागद मागं राह्यला, तर कर परत उगवतो!"

आणि लोक टाकत होते, बरं का! वर्षभराची बिलं, धडाधड.

शरयू गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिचा नवरा जगन्नाथ, चांगला सातवी शिकलेला, तेलघाण्याचा मालक, रांगेत चौथा उभा होता आणि त्याच्या काखेत बिलांचं गाठोडं होतं. हा माणूस कराला इतका भ्यायचा, की पोस्टमन दिसला तरी मोरीत जाऊन बसायचा. वर्षभर कराचं नाव काढायचा नाही आणि दिवाळी जवळ आली की नवस बोलायचा.

"अहो, बिलं जळली तर खर्चा कशानं दाखवणार? साहेब आपल्या अंदाजानं नफा धरतील. घाणा विकावा लागंल आपल्याला!"

"तू गप बस. मोंढ्यातल्या गिरिधरशेठनं महाराजांचा अंगारा लावला आन् आठव्या दिवशी कराचा कागद आला. रुपयाचा बारा आण्यावर आल्ता! बराबर माह्या डोळ्यांनी पाह्यलं."

तेवढ्यात महाराजांनी बोरू झटकला आणि एक थेंब शरयूच्या हातावर पडला. तिनं हुंगला. अगं बाई! हा तर टिंक्चरचा वास! मागच्याच महिन्यात कापलेल्या बोटाला लावताना टिंक्चर पातळाच्या खळीत सांडलं होतं आणि पांढरी खळ निळीकाळी झाली होती. वर लिंबू पिळलं, तर पुन्हा पांढरी. शरयू पदर खोचून घराकडे पळत सुटली. घर मोंढ्यामागंच होतं, म्हणून बरं.

वाटीत खळ, टिंक्चरची बाटली आणि लिंबू घेऊन परत आली तेव्हा महाराजांनी जगन्नाथचा हात धरलेला आणि गाठोडं धुनीवर लोंबकळत होतं.

"थांबा!" ती अशी ओरडली, की बैलगाड्यांचे बैलसुद्धा दचकले. "मलाबी चमत्कार येतो. पाहून घ्या!"

तिनं वाटीतल्या खळीत टिंक्चर ओतलं. निळी शाई तयार! त्या शाईत बोट बुडवून तिनं कागदावर आठशे लिहिले आणि वर लिंबू पिळलं. आठशे गायब! मांडवात एकदम शिट्ट्या.

"आता तुमच्या पेननं लिहा," ती नवऱ्याला म्हणाली. जगन्नाथनं लिहिलं. तिनं महाराजांचंच लिंबाच्या वासाचं तीर्थ त्यावर ओतलं. शाई फिसकटली, पण आकडा काही हलला नाही.

"माई, तुला शनी लागलाय!" महाराज किंचाळले. "मंग गिरिधरशेठचा कर कुणी कमी केला?"

"भावजी, तुम्हीच सांगा," शरयू म्हणाली.

गिरिधरशेठ घाम पुसत पुढं आले. "वहिनी, खरं सांगू का? मी नवं इंजिन मागल्या दसऱ्यालाच घेतल्तं. वकिलानं सांगितलं, दिवाळीच्या पाडव्याचा मुहूर्त धरू नका. पाडव्याला नव्या वह्या सुरू होतात, मशिनीची सूट पुढच्या सालात जाते. बिलंबी जपून ठेवली. अंगारा तर कर ठरून गेल्यावर लावला!"

"मंग इतके दिवस बोलले का न्हाई?" जगन्नाथनं विचारलं.

"कुणी विचारलंच न्हाई की!"

लोक पोट धरून हसायला लागले. जगन्नाथ मात्र हसत नव्हता. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. "महाराज, ऐंशी जणांचे एकशे एक, म्हणजे आठ हजार ऐंशी रुपये. या कमाईवर तुमचा कर किती झाला? मांडा आकडा, लिंबू मी पिळतो! आन् हो, माह्या दक्षिणेची पावती द्या."

"पावती! पावती!" ऐंशी तोंडं एकदम ओरडली. महाराजांचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला. दक्षिणेची थाळी तिथंच टाकून ते खडावांसकट पळत सुटले.

जगन्नाथनं गाठोडं पोटाशी धरलं. "शरयू, थोडक्यात वाचलो गं. आता काय करायचं?"

"वर्षभर करायला पाहिजे होतं, तेच. दर तीन महिन्यांनी हिशोब पाहायचा, हप्ता भरायचा, मशीन घ्यायची तर वह्या बंद व्हायच्या आधी घ्यायची. दिवाळीला अजून तीन आठवडे हायेत. जल्दी चला वकिलाकडं!"

आणि दोघं निघाले, हसत, चक्क मांडवातल्या गर्दीसमोर हात धरून.

बाबांनो, कर काही भूत नाही, की मंत्रानं उतरावा. तो कायद्यानं बसतो आणि कायद्यात राहून, वेळेवर डोकं चालवलं तरच हलका होतो. तेव्हा तुमचे कागद जाळायला कुणी सांगितलं, तर आधी त्याच्याकडून त्याची पावती मागा.