कपाट रिकामंच राहू दे

मी डावा बूट बोलतोय. उजवाही शेजारीच आहे, पण त्याचं काम टेकू द्यायचं. गोल मारायचे ते मी.

अस्तुरियास प्रांतातल्या एका खाणगावात ओविदिओ चांभाराने मला शिवलं आणि तळाला चामड्याचे सहा खुंट खिळ्यांनी ठोकले. हे खिळे वर येऊन माझ्या मालकाच्या, एलाडिओच्या टाचेत घुसायचे. तो आत पुठ्ठा कोंबायचा आणि खेळायचा. नऊ वर्षं आमच्या फुटबॉल क्लबची आघाडी त्याने सांभाळली. सामना संपला की त्याची बायको हर्मिनिया मला चरबी चोळायची आणि त्याला शिव्या घालायची.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात क्लबचे अध्यक्ष घरी आले. हर्मिनियाने सफरचंदाची दारू, सायडर ओतली, पण साहेबांनी ग्लासाला हात लावला नाही.

"एलाडिओ, गुडघा गेला तुझा. जत्रेच्या दिवशी तुझ्या सन्मानाचा सामना ठेवलाय. मानाची पहिली किक मार, टाळ्या घे, बाहेर ये. बूट तिथेच काढून दे. क्लबात काचेच्या कपाटात ठेवू."

"आणि मी?"

"तू आराम कर."

"आराम मेल्यावर करतात!" हर्मिनिया स्वयंपाकघरातून ओरडली. मला फार बरं वाटलं. एलाडिओला अजून खेळायचं होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

जत्रेला बँड वाजला. मी चेंडू शेजारच्या खेळाडूकडे सरकवला. एवढं झालं की सत्कारमूर्तीने निघायचं आणि खरा खेळ पुन्हा सुरू व्हायचा, असा रिवाज. एलाडिओ निघाला नाही. त्याने चेंडू परत मागून घेतला.

"काका, झालं की! निघा आता," समोरचा बचावपटू हसला.

"काका म्हणतोस? मग काढून घे काकाकडून."

तो हसत राहिला आणि आम्ही त्याच्या बाजूने निघून गेलो. दुसऱ्यालाही चकवलं. तिसऱ्याने मात्र खरीखुरी लाथ हाणली. खिळा टाचेत घुसला, रक्त माझ्या आत उतरलं. पण खरं सांगतो, अख्ख्या जत्रेत तेवढाच एक सन्मान झाला. त्या पोराने एलाडिओला खेळाडू मानलं होतं! एलाडिओ धडपडत उठला आणि मी चेंडू जाळ्यात धाडला.

पंचाने गोल धरला नाही. अध्यक्ष मखमली उशी घेऊन मैदानात धावत आले.

"पुरे झाला तमाशा. बूट दे."

"पायासकट न्या."

लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते. एलाडिओ मला घालूनच दगडी रस्त्याने खाडखाड वाजवत घरी गेला. क्लबाने त्याला पुन्हा बोलावलं नाही. आम्ही खाणीच्या संघातून, कोळशाच्या राखेवर, आणखी तीन वर्षं खेळलो.

आता तो मला घालून बटाट्याचं वावर खणतो. क्लबात ते कपाट अजून रिकामं आहे, त्यावर त्याच्या नावाची पितळी पाटी आहे म्हणे. मागच्या आठवड्यात क्लबाचा माणूस पुन्हा येऊन गेला. हर्मिनियाने दारातूनच सांगितलं, "बूट कामावर गेलेत."

माझा तळ उसवलाय. पॉलिश नको, काच नको. फाटायचं तर आहेच एक दिवस, पण पायात असताना फाटू द्या.