इरोंदेलचं बाळसं

इरोंदेल ही फ्रेंच युद्धनौका पकडली ती आमच्या कॅप्टन ट्रेथ्यूईंनी. हे वाक्य दिवसातून एकदा तरी कोणी आपल्यासमोर म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असे, आणि जहाजावरचा डॉक्टर म्हणून ते काम बहुधा माझ्याकडे येई. खरं तर वादळात डोलकाठी मोडून ती आयती आमच्या तोफांपुढे आली होती. एरवी आमच्या 'स्टेडफास्ट'ने तिला गाठणं म्हणजे म्हशीने हरिणाला गाठणं.

तिचा फ्रेंच कप्तान ल गॉफ तलवार देताना एवढंच म्हणाला, "हिच्या पोटात वजन घालू नका."

ती आपल्यालाच मिळणार, असं कॅप्टनसाहेब धरून चालले होते. आरमार कचेरीने त्यांना शाबासकीचं पत्र दिलं आणि जहाज दिलं त्यांच्याच लेफ्टनंटला, हॅरी कॅरूला.

मग उन्हाळाभर दोन्ही जहाजं जोडीने गस्तीला. कॅरूच्या हाताखाली इरोंदेल साडेतेरा नॉट धावे. हा आकडा कॅप्टनांसमोर कोणी काढत नसे. आम्ही मागून पोचेपर्यंत ती अर्धी शिडं गुंडाळून उभी असायची.

"साहेब, तुमची वाट बघता बघता आमच्या पोरांनी मासे धरले," कॅरू एकदा टोपली घेऊन आला. "म्हटलं, गरम गरम घेऊन जावं."

"माझ्या जहाजाला धावायची खोड नाही, हॅरी. चांगल्या घरचं आहे ते."

मासे मीच खाल्ले. कॅप्टनांनी खारवलेलं गोमांस चावत गोदीला पत्र लिहायला घेतलं. फ्रेंच जहाज दिसायला छान पण अंगाने किडकिडीत, त्याला इंग्रजी करून घ्यावं लागतं, ही प्लिमथच्या गोदीतली जुनी श्रद्धा. कॅप्टनांनी त्या श्रद्धेला फक्त यादी पुरवली: जाड तुळया, भारी तोफा, दणकट डोलकाठ्या, तळाशी आणखी लोखंड.

"डॉक्टर, 'तिच्या काळजीपोटी' लिहू की 'आरमाराच्या हितासाठी'?"

"दोन्ही लिहा साहेब. नुसत्या एका कारणावर विश्वास बसायचा नाही."

गोदीने सगळं मान्य केलं, वर पदरचं थोडं घातलं. वसंतात इरोंदेल बाहेर आली ती बाळंतपणाहून आलेल्या सुनेसारखी, भरलेली आणि सावकाश. पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही तिच्या बरोबरीने होतो. कॅप्टन चक्क शीळ घालत होते. मासे तेव्हापासून बंद झाले.

कॅरूने तक्रार केली नाही, दुसरं जहाज मागून घेतलं. आता इरोंदेल कोणाला द्यायची? तिला काय हवं हे ज्यांना इतकं नेमकं ठाऊक, त्यांनाच, असं कचेरीने ठरवलं. कॅप्टनांनी हुकूम दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "तुम्हीही चला. बुडालो तर कोणीतरी ओळखीचं हवं."

बुडालो नाही. बिस्केच्या उपसागरात दोन फ्रेंच जहाजं दिसली आणि आम्ही पळालो; म्हणजे आमचं तोंड उलट्या दिशेला होतं. दुपारी त्यांनी आम्हाला गाठलं. वर चढला तो ल गॉफ, कैदेतून अदलाबदलीत सुटलेला. कॅप्टनांनी पुढे केलेली तलवार त्याने पाहिलीसुद्धा नाही. नव्या डोलकाठीवर त्याने तळवा फिरवला, खाली पोटात डोकावला.

"हे कोणी केलं?"

"गोदीने," कॅप्टन म्हणाले. मला खोकला आला.

"म्हणजे ती धावताना तुम्हाला कधी मिळालीच नाही?"

"नाही."

ल गॉफने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, घरच्या माणसासारखा. मग हुकूम सोडला. भारी तोफा आणि लोखंड एकेक करून समुद्रात गेलं. इरोंदेल वीतभर वर आली, वाऱ्याला कलली आणि निघाली. आम्ही दोघे कैदी कठड्याला धरून उभे होतो.

"किती नॉट असतील, डॉक्टर?"

"बारा तरी."

कॅप्टनांनी कठड्यावरून वाकून फेस पाहिला. "आणि कॅरूला किती मिळायचे?"

"अकरा," मी म्हणालो.

कॅप्टन ट्रेथ्यूईंनी मान डोलावली आणि ब्रेस्टच्या फ्रेंच तुरुंगापर्यंत शीळ घातली.