पाहुण्याची हजामत

धाकटीचं कुत्रं म्हणजे नुसता अवतार होता, आणि नेमकं तेच थोरलीच्या डोळ्यांत खुपत होतं. देखणं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हे ध्यान! नाक लांबुडकं, पाय जरा जास्तच उंच, पाठीवर राठ तपकिरी केस आणि पोटाखाली मळकट पांढऱ्या लोकरीच्या गाठी. शेपूट तर उरलेल्या कापडातून शिवून लावल्यासारखी. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेलं, मागचा एक पाय कधीतरी मोडून वाकडा जुळलेला. नाव काय, तर म्हणे पाहुणा. आणि या पाहुण्यासाठी सगळी गल्ली वेडी झाली होती.

आता थोरली कोण, तर धाकटीची सख्खी बहीण आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्यांच्या पार्लरची मालकीण. वीस वर्षं तिनं कुत्र्यांचे केस कापले, नखं कापली, कान साफ केले, आणि मागच्या अंगणात पांढऱ्याशुभ्र, कुरळ्या लोकरीच्या पूडल कुत्र्यांची पैदास केली. तिच्या लाडक्या पूडलचा, राणीचा फोटो दुकानात अजून टांगलेला होता, गळ्यात स्पर्धांत जिंकलेल्या तीन रिबिनी. राणी जाऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी त्या काचेवरून फडका फिरवल्याशिवाय थोरली कात्रीला हात लावत नसे.

वीस वर्षांत तिनं लोकांची किती वेडं पाहिली. आधी ज्याला त्याला पामेरियन हवा होता. मग घरोघरी लॅब्रेडॉर आले आणि आठ महिन्यांत मालकालाच रस्त्यानं ओढत न्यायला लागले. मग चपट्या नाकाच्या पगची लाट आली. बायका त्यांना कडेवर घेऊन, ते कसे घोरतात ते कौतुकानं ऐकवायच्या. मग निळ्या डोळ्यांचे हस्की, भर उन्हाळ्यात फरशीला पोट लावून पडलेले. थोरली सगळ्यांना नावं ठेवायची आणि सगळ्यांचे केस कापायची. लाट आली तशी जायची, तिचा पूडल आपला जागच्या जागी असायचा.

ही नवी लाट मात्र तिच्या गळी उतरेना. आता "विकत घेतलाय" म्हणताना गिऱ्हाइकाचा आवाज बारीक व्हायचा. आणि ज्याच्या हातात एखादं लंगडं, एका डोळ्याचं कुत्रं असायचं तो मान ताठ करून सांगायचा, "आमचा अडॉप्ट केलेला आहे." जसा काही ह्यानंच त्याला जन्म दिलाय.

त्यात धाकटी. तिचं पहिल्यापासून असंच. थोरलीनं घोकंपट्टी करून दुसरा नंबर आणायचा, धाकटीनं दोन विषयांत नापास होऊन हसत घरी यायचं, आणि आईनं जवळ घ्यायचं ते धाकटीला. जन्मात कधी कुत्र्याला हात न लावलेली ही बाई सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी निवाऱ्यात गेली, हे ध्यान उचलून घेऊन आली, आणि आठवडाभरात गल्लीतली जाणकार होऊन बसली. लोक तिला सल्ले विचारायला लागले. पाहुण्यात कुठकुठल्या जाती मिसळल्यात यावर पैजा लागायच्या. कुणी म्हणे थोडा शेफर्ड आहे, कुणी म्हणे थोडा कोल्हा. थोरलीला विचारलं की ती म्हणायची, "थोडा उकिरडा आहे." लोकांना तो विनोद वाटायचा. तिला तो विनोद वाटत नव्हता.

तरी हेही तिनं गिळलं असतं. पण नाना.

आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, वडील थोरलीकडे होते. त्यांच्या गोळ्या, गुडघ्याचं तेल, आठवड्याआड हरवणारी कवळी, सगळं थोरलीनं निस्तरलं. धाकटी आपली रविवारी उभ्या उभ्या येऊन जायची. पण कुत्रं आल्यापासून ती रोज पाचच्या ठोक्याला हजर, आणि नाना साडेचारपासूनच चपला घालून दारात. "नाना, जरा चालून या," असं थोरलीनं सहा वर्षं कानीकपाळी ओरडून जे झालं नाही, ते त्या वाकड्या पायाच्या कुत्र्यानं चार दिवसांत केलं. दोघं मिळून लंगडत दुकानासमोरच्या बागेपर्यंत जायचे. बाकावर बसलं की कुत्रं नानांच्या पायांवर हनुवटी टेकायचं आणि नाना वाकून त्याच्या कानात काहीबाही बोलत राहायचे. घरात जेवताना थोरलीशी चार शब्द नाहीत, आणि तिथं गप्पा. थोरली दुकानाच्या काचेतून हे सगळं बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या कुत्र्याला हात म्हणून लावायचा नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ते शेपूट हलवत जवळ आलं की ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची.

आणि गेल्या रविवारी नाना म्हणाले, "मी म्हणतो, आता धाकटीकडे राहावं."

"किती दिवस?"

"आता तिकडेच."

शनिवारी जायचं ठरलं. पलंगाखालची बॅग बाहेर आली. त्या दिवशी थोरलीकडून भांडी फार आवाज करत घासली गेली. सहा वर्षं उस्तवार मी करायची, आणि हे कुत्र्यापायी तिकडे निघाले. नाना गेले तर या घरात आपण कुणाच्या कोण, हे तिला काही केल्या कळेना.

शुक्रवारी दुपारी धाकटी पाहुण्याला घेऊन दुकानात आली. "ताई, एक काम होतं गं. उद्या निवाऱ्याचे लोक फोटो काढायला येणारेत. त्यांच्या नव्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर पाहुणा येणार आहे. जरा नीटनेटका करून दे ना. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

कॅलेंडरचं पहिलं पान. राणीनं तीन रिबिनी जिंकल्या, पण तिला कुणी कॅलेंडरवर घेतलं नव्हतं.

"ठेवून जा," थोरली म्हणाली. "पाचला ये."

पार्लरचा एक नियम असतो. थोरलीकडे काम शिकायला आलेल्या प्रत्येकीला ती पहिल्या दिवशी तोच शिकवायची: कुत्रं टेबलावर आलं की आधी कान. कान उलटा करायचा, आतले केस काढायचे, मळ पुसायचा, मग बाकीचं अंग. कुठलंही कुत्रं, कुणाचंही, रस्त्यात भेटलेलं असलं तरी तिचा हात आधी कानाकडे जायचा. त्या दिवशी मात्र तिनं कान सोडले आणि सरळ मशीन उचललं. 'गाठी फार होत्या, सुटेनात, कातडीपर्यंत उतरवावं लागलं.' धाकटीला सांगायचं वाक्य तिनं मनात तयारही ठेवलं. अर्धा तास फणी घेऊन बसली असती तर सगळ्या गाठी सुटल्या असत्या, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कुत्रं जरासुद्धा हललं नाही. तिच्या मनगटावर हनुवटी टेकवून गुपचूप उभं राहिलं. राठ केसांचे पुंजके खाली पडत गेले आणि आतलं उघडं पडत गेलं. बरगड्या, वाकडा पाय, मांडीवरचा जुना चट्टा. बघा आता तुमचा लाडका, थोरली मनात म्हणाली. येऊ दे पहिल्या पानावर. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

मग पोटाखालच्या लोकरीत बोटं गेली आणि थांबली. लोकर मळकट होती, पण तिची वळणं बारीक आणि दाट होती. वीस वर्षं रोज हीच लोकर तिच्या बोटांतून गेली होती. तिनं मशीन बंद केलं आणि कुत्र्याचा डावा कान उलटा केला.

आत केसांचा झुपका होता आणि त्याखाली हिरवट डाग. निवाऱ्यातल्यांना तो मळच वाटला असणार. तिनं पावडर टाकून केस उपटले, कापसानं पुसलं. मळ निघाला, हिरवं तसंच राहिलं. कान वाढला तसे गोंदलेले आकडे ताणले गेले होते, पण वळण तिच्याच हातचं होतं. चौदा, मध्ये आडवी रेघ, सहा. चौदावं वेत, सहावं पिल्लू.

पाच वर्षांपूर्वी राणीला सहा पिल्लं झाली होती. सहाव्या आठवड्यात पिल्लांच्या कानात आकडे गोंदायचे, ही थोरलीची पद्धत. आणखी दोन आठवडे थांबली असती तर सहाव्याच्या कानात तिनं काही गोंदलंच नसतं, कारण तोवर त्याचे केस सरळ व्हायला लागले होते आणि नाक लांब. एका वेताचे बाप दोन असू शकतात, हे पैदास करणाऱ्याला सांगावं लागत नाही. कुंपणाला कुठंतरी फट होती. हे बाहेर फुटलं असतं तर उरलेल्या पाचांच्या शुद्ध जातीच्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

आणि नेमकं तेच पिल्लू नानांचं होतं. सगळ्यांत बारकं, राणीपाशी त्याला जागाच मिळायची नाही. आई गेल्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षात नानांनी त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं, शर्टाच्या आत पोटाशी धरून. थोरलीनं एका सकाळी ते खोक्यात घातलं आणि शाम्पू पोचवणाऱ्या माणसाच्या हवाली केलं. लांब कुठंतरी चांगलं घर बघा म्हणाली. नानांना सांगितलं, पहाटे गेलं बिचारं, अंगणात पुरलं.

तिनं दाखवलेल्या जागेवर त्यांनी एक कुंडी ठेवली, गुलाबाचं रोप लावलं, आणि रोज सकाळी एक तांब्या पाणी घालायला लागले. सुरुवातीला थोरली तेवढ्या वेळात मागच्या दाराकडे फिरकायची नाही. पुढे सवय झाली.

पाहुण्याला टेबलावर तसाच सोडून ती मागच्या दारात गेली. रोपाची काटकी झाली होती, माती भेगाळली होती. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात म्हणून पाणी घालणं बंद झालं असेल, असं तिनं धरून चाललं होतं. पण गुडघे दुखत होते तर रोज बागेत कोण जात होतं? पाणी कधी बंद झालं ते तिला आता बरोबर आठवलं. धाकटीनं कुत्रं पहिल्यांदा आणलं, त्याच आठवड्यात.

म्हणजे नानांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आता खरं सांगायचं तर थोरलीच्या मनात आधी लाज आली नाही. आधी आलं ते हे, की हा माझा आहे. गल्ली ज्याच्यासाठी वेडी झालीय, त्याच्या अर्ध्या अंगात माझी राणी आहे. धाकटीचं ह्यात काय? एक वाक्य बोलायची खोटी, सगळं कौतुक आपल्या दारात. पण ते वाक्य बोलायचं तर त्याच्यामागचं सगळंच बोलायला लागणार होतं. आणि नाही बोललं, तर कानात पुन्हा केस उगवणार होते. तो आकडा वाचणारी या जगात दोनच माणसं, आणि त्यातलं एक सहा महिने गप्प होतं. लाज आली ती इथं.

पाच वाजता धाकटी आली, मागोमाग चपला घालून नाना.

"अगं बाई," धाकटी म्हणाली. "ताई, हे काय केलंस?"

"गाठी फार होत्या," थोरलीनं सुरुवात केली, आणि वाक्य तिथंच राहिलं. नाना टेबलाशी गेले होते. त्यांनी त्या भादरलेल्या पाठीकडे बघितलंही नाही. अंगठ्यानं डावा कान अलगद उलटला.

"साफ केलास," ते म्हणाले.

"हो."

"दिसलं मग."

"काय दिसलं?" धाकटीनं विचारलं.

"हा राणीचा आहे," थोरली म्हणाली. "माझ्या राणीचा." पुढचं बोलायला तिला वेळ लागला. "मी देऊन टाकला होता. नानांना सांगितलं, मेला म्हणून. आणि हे आत्ता केलं ना, तेही मुद्दाम केलं. गाठी सुटल्या असत्या."

धाकटीनं पर्स खाली ठेवली आणि कुत्र्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"नाना, सहा महिने तुम्ही बोलला का नाहीत?" थोरलीचा आवाज चिरकला. "दोन थोबाडीत मारायच्या होत्या. चाललं असतं मला."

"वाट बघत होतो," नाना म्हणाले. "म्हटलं, कुठलंही कुत्रं दिसलं की ही आधी कान बघते. आज बघेल, उद्या बघेल. धाकटीला रोज इकडे यायला मीच सांगितलं होतं, तुझ्यासाठी." त्यांनी कान सोडला. "तू त्याला हातच लावला नाहीस."

कुत्रं टेबलावर बसलं आणि त्यानं पुन्हा थोरलीच्या मनगटावर हनुवटी टेकली. या खेपेला तिनं हात मागे घेतला नाही.

शनिवारी नाना गेले. ती "राहा" म्हणाली नाही, म्हणायला तोंड नव्हतं. गोळ्या, तेल, कवळीचा डबा, सगळं तिनंच बॅगेत भरलं. तसल्याच भादरलेल्या पाहुण्याचा फोटो पहिल्या पानावर आला आणि गल्लीला तो आधीपेक्षाही जास्त आवडला.

त्या आठवड्यापासून थोरली साडेचारला दुकान बंद करते, चपला घालते आणि कापूस, पावडर घेऊन धाकटीच्या घरी जाते. कान साफ करायला रोज जावं लागत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. नाना "ये" म्हणतात, त्यापुढे अजून काही नाही. पाहुणा मात्र नानांच्या पायांवरून उठून धावत दाराशी येतो, आणि तेव्हा धाकटीचा चेहरा जरा उतरतो. तो चेहरा थोरलीला चांगला ओळखीचा आहे. सहा महिने दुकानाच्या काचेत स्वतःचा तसाच चेहरा तिनं रोज पाहिला होता.