आर्डिसच्या दाराची रुंदी

वेंडेल क्रमच्या खिशात रविवारीसुद्धा मोजपट्टी असायची. चाळीस वर्षं टोलीडोत पत्रे वाकवण्यात गेली, मोजल्याशिवाय माणूस कशाला हात लावत नसे. असल्या माणसानं ओरलँडोला त्या मंगळवारी सकाळी न्याहारी करता करता सतरा हजार डॉलरच्या कागदावर सही ठोकली.

ह्याला कारण त्याची मेहुणी. बायको मार्लिस आणि आर्डिस, दोघीच बहिणी. आर्डिस चाकाच्या खुर्चीत. गेल्या मार्चमध्ये ह्यांनी तिला हौसेनं इथं आणलं, भाड्याची खोली घेतली, आणि खुर्ची न्हाणीघराच्या दारात अडकली. वेंडेलनं उचलून सोडवली, पण बाई दुसऱ्याच दिवशी घरी निघून गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी मला ओढत आणू नका." तेव्हापासून मार्लिसनं मनाशी धरलं होतं, दरवर्षी तोच आठवडा, तळमजल्यावरची तीच खोली, तेच रुंद दार. एकदा खात्री पटली की आर्डिस येईल.

म्हणून तर दोघं, सुट्टीच्या खोल्यांमधला वर्षाचा एकेक आठवडा कायमचा विकणाऱ्या कंपनीच्या न्याहारीला गेली. अंडी, डुकराच्या मांसाचे तुकडे, वर आकाशपाळण्यांच्या बागेची दोन तिकिटं फुकट. बदल्यात दीड तास ऐकून घ्यायचं. ऐकवणारा ब्राइस नावाचा गोड पोरगा. त्यानं नमुन्याची खोली दाखवली. वेंडेलनं पट्टी काढून न्हाणीघराचं दार मोजलं. छत्तीस इंच.

"खाली, तळ्याकडची, मार्चचा दुसरा आठवडा. दरवर्षी," मार्लिस म्हणाली.

"अगदी मॅडम. का नाही मिळणार?" ब्राइस म्हणाला.

मग वेंडेलला जोर चढला. जुनी गाडी घेताना घासाघीस करतात तशी त्यानं केली. चोवीस हजारांवरून सतरावर आणलं. सही झाली, कोणीतरी घंटा वाजवली, सगळ्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या. गडी छाती काढून बाहेर पडला.

दुपारी पोहायच्या तलावापाशी दोघं टेकली, तर शेजारच्या खुर्चीवर व्हर्लीन नावाची म्हातारी बसली होती. एक्याऐंशीची, डोक्यावर गवती टोपी, मांडीवर खाऱ्या बिस्किटांचा पुडा. गळ्यात कागदांची नवी पिशवी अडकवलेला माणूस तिनं लगेच ओळखला.

"घेतलंस वाटतं. कितीला?"

"सतरा. चोवीसवरून पाडलं."

ती हसली नाही. पुडा पुढे केला. "खा पोरा. एकशे चार नंबरच्या खोलीतला माझा आठवडा मी पंधराशेला विकतेय. दोन वर्षं झाली, कुणी बघत नाही."

"तुमचं जुनं आहे आजी. आमचं नवं."

"असेल. खोली कुठली दिली?"

"खालची. तळ्याकडची."

"कागदावर आहे?"

 मार्लिसनं वेंडेलच्या गळ्यातली पिशवी ओढून घेतली, चष्मा लावला. पानं उलटता उलटता तिचा चेहरा उतरत गेला. खोलीचा नंबर नाही, आठवड्याचं नाव नाही. दरवर्षी नुसते गुण, म्हणजे पॉइंट मिळणार, आणि त्या गुणांवर जी खोली रिकामी असेल ती. एका पानावर ठळक लिहिलेलं, विकणाऱ्यानं तोंडी काहीही सांगितलं असलं तरी ते धरायचं नाही. खाली वेंडेलची सही. फर्मास, लफ्फेदार.

"दार मोजलंस रे, कागद कोण मोजणार?" मार्लिस म्हणाली.

"त्याच कागदात पुढं बघ," व्हर्लीन म्हणाली. "दहा दिवसांत लेखी कळवलं की मोडता येतं. ते ओरडून सांगत नाहीत."

वेंडेल उठला तो थेट ब्राइसच्या टेबलापाशी. "पोरा, पेन घे. खाली, तळ्याकडची, मार्चचा दुसरा आठवडा, दरवर्षी. एवढंच लिही आणि सही कर."

ब्राइसनं पेनाकडं बघितलं. "साहेब, तसं लिहून देता येत नाही. पण मिळेल हो."

"मग मीच लिहितो. तुझ्या कंपनीला, सौदा मोडला म्हणून. आठवडा एकशे चारवाल्या आजीकडून घेईन."

"साहेब, जुन्या मालकाकडून घ्याल तर तिथंच अडकाल. आमच्या गुणांवर हवाईला जाता येतं."

"आर्डिसला हवाईला नाही जायचं. तिला न्हाणीघरात जायचंय."

सौदा मोडल्याचं पत्र मार्लिसनं लिहिलं, वेंडेलनं सही केली, आणि ह्या वेळी सहीआधी दोनदा वाचलं. टपाल कचेरीत जाऊन पोहोचपावतीनं धाडलं. पावती त्यानं मोजपट्टीच्याच खिशात ठेवली.

मग दोघं व्हर्लीनच्या मागं तळमजल्यावरच्या एकशे चारमध्ये गेली. गालिचा विटलेला, भिंतीवर बगळ्याचं भिकार चित्र. पण समोर तळं, उंबरठा नाही. व्हर्लीननं आपला दस्त टेबलावर टाकला. त्यात खोलीचा नंबर होता आणि आठवडासुद्धा, मार्चचा दुसरा.

"फसवणार नाही तुला," ती म्हणाली. "दरवर्षीची देखभालीची फी येते. तू ये, नाहीतर घरी झोप, ती येतेच. आणि वाढतेच. माझे गुडघे गेले, म्हणून विकतेय."

वेंडेलनं पट्टी न्हाणीघराच्या दाराला लावली. मार्लिसनं बहिणीला फोन जोडला.

"आर्डिस, खालची खोली, मार्चचा दुसरा आठवडा, दार तीस इंच आहे. तुझी खुर्ची सव्वीस."

 पलीकडून आर्डिसचा आवाज आला. "चाकं फिरवताना माझी बोटं बाहेर येतात. ती धरलीत का?"

वेंडेल दारात उकिडवा बसला. दोन्ही मुठी कमरेच्या बाजूला धरून चाकं फिरवतोय असं केलं, तसाच बदकासारखा सरकत आत गेला. मग तसाच उलटा बाहेर आला. कुठं घासलं नाही. व्हर्लीन टोपी तोंडावर धरून हसत होती.

"सांग तिला," तो धापा टाकत म्हणाला, "माझ्या मुठी आत जातात, तिच्या जातीलच."

मार्लिसनं सांगितलं.

"कुठला आठवडा म्हणालीस?" आर्डिसनं विचारलं. "थांब, पेन घेते."