शिंगाची पाचर

त्या रविवारी मिलिंद हरला तर सुनेत्राच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: अण्णांचं धनुष्य आणि मिलिंदचं उतरलेलं तोंड. खरं सांगायचं तर दुसरीचा मोह तिला अंमळ जास्तच होता.

अण्णा अंबरनाथच्या कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेले; एकाच ऑफिसातले सुनेत्रा आणि मिलिंद त्यांच्याकडे धनुष्यबाण चालवायला शिकत. पुरुषभर उंचीचं, ऐंशी पौंड ओढीचं ते धनुष्य त्यांनी नऊ महिने तासलं होतं. आता खांदा चालेना. म्हणून त्यांनी सांगितलं, "तुम्हा दोघांत ज्याचा जड बाण चिखलोलीच्या माळावर लांब जाईल, त्याला देईन. बाण मात्र स्वतः केलेला हवा."

जड बाण म्हणजे अंगठ्याएवढी जाड काठी, पुढे लोखंडी फाळ, मागे दोऱ्यानं बांधलेली पिसं. आणि दोरी बसते त्या खाचेत म्हशीच्या शिंगाची पातळ पाचर. नाहीतर दोरीच काठी चिरते. बेलवलीच्या घरी सुनेत्रा पाचर घासत बसली, तेव्हा मिलिंद कंपनीच्या गाडीतून मुद्दाम येऊन हसून गेला होता.

"मॅडम, शिंगं घासताय की पाटा-वरवंटा? ग्लू मिळतो हल्ली!"

"तुमची जीभ चिकटवायला मिळतो का बघा, साहेब."

माळावर अण्णांच्या त्याच धनुष्यातून सुनेत्राचा बाण आधी सुटला. बांधापर्यंत गेला. मग मिलिंदची पाळी.

अण्णांकडे एक रीत होती. बाण सोडण्याआधी प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यायचा. त्यानं तपासून 'चालेल' म्हटल्याशिवाय दोरीला लावायचा नाही. मिलिंदनं बाण पुढे केला. "बघा, काही खोड सापडते का."

सुनेत्राचा अंगठा खाचेवरून फिरला. आत नुसतं लाकूड. पाचर नव्हतीच. तिच्या डोळ्यांसमोर आलं: मिलिंदचा बाण दोन हातांच्या अंतरावर लोळतोय, लोक हसतायत.

"चालेल," ती म्हणाली.

मिलिंदनं कानापर्यंत ओढलं. कडाड! काठी उभी चिरली, आणि बाणानं न्यायचा सगळा जोर धनुष्यात उलटला. धनुष्य मुठीशी मोडलं. असं होतं हे तिला अण्णांनीच शिकवलं होतं. पण मिलिंदच्या तोंडाकडे बघण्याच्या नादात ते डोक्यात आलंच नाही.

मिलिंद रक्ताळलेला तळहात धरून ओरडत होता. अण्णांनी चिरलेली खाच उचलून पाहिली.

"सुनेत्रा, तू तपासलास ना हा?"

"हो."

"अंगठ्याला कळलं नाही?"

तिनं अंगठा मुठीत दडवला.

"कळलं होतं," अण्णाच म्हणाले. "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

मिलिंदला तीन टाके पडले. आठवड्यात हात बरा झाला, आणि धनुष्यच कच्चं होतं असं तो ऑफिसात सांगत सुटला. अण्णांचे नऊ महिने चुलीत गेले. सुनेत्राच्या हाती येणारं धनुष्य गेलं, गुरूही गेला. चूक मिलिंदची होती. भरलं अण्णांनी आणि सुनेत्रानं.