अनूचा सरू

"सूनबाई, सरू कापताना खालचा घेर सोडायचा. वरचं लोकांचं, खालचं झाडाचं. त्याच्या वाट्याला हात लावायचा नाही."

अप्पासाहेब जाऊन तीन पावसाळे उलटले होते. तरी हिवाळा आला, करवतीला तेल लागलं की भानुमतीबाईंना सासऱ्यांचा हा आवाज ऐकू यायचाच. त्या मनात 'हो' म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

मळा होता बड्या गणपतीच्या पुढे, धारच्या रस्त्याला. गहू-हरभरा सगळ्यांच्याच शेतात असतो. ह्यांच्याकडे त्याशिवाय सरूच्या ओळी होत्या. अप्पासाहेबांचे आजोबा संताजीराव होळकरांच्या रिसाल्यात होते. घोड्यावरून पडून पाय अधू झाला तेव्हा त्यांना ही जमीन मिळाली, आणि त्यांनी हौसेनं सरू लावले. पुढे रेसिडेन्सीतल्या एका मडमेनं नाताळसाठी त्यातला एक मागितला. संताजीरावांना नाही म्हणवेना आणि मुळापासून तोडवेना. मग त्यांनी खालच्या फांद्यांचा एक घेर ठेवून वरचं तेवढं कापून दिलं. उरलेल्या घेरातली एक फांदी हळूहळू वर वळली आणि काही वर्षांत तिथेच दुसरा सरू उभा राहिला. त्याच खोडांवरून आता चौथी पिढी झाडं उतरवत होती. महूच्या छावणीतून, रेल्वेच्या बंगल्यांतून, थेट मानपुरापासून माणसं यायची.

मल्हारगंजात ह्या घराला 'बडे दिनवाले', म्हणजे नाताळवालेच म्हणत. भानुमतीबाईंची सून इंदुमती, हिचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या मावशीनं काळजीनं विचारलं होतं, "स्थळ चांगलंय, पण पोरीला बाटवणार तर नाहीत ना?" त्यावर अप्पासाहेब मिशीत हसले होते. "तुमची पोर आमच्या सूनबाईंच्या हाताखाली येतेय. उपासांनी वाळली नाही म्हणजे मिळवलं!"

भानुमतीबाईंचे नेम होतेच तसे. सोमवार, एकादशी, चतुर्थी. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मौन. आणि रोजचा एक नेम त्यांनी कुणाला सांगितलेला नव्हता. तुळशीला पाणी घातलं की त्या एक तांब्या कुठल्यातरी एका सरूला घालायच्या. आज ह्याला, उद्या पलीकडच्याला. घालताना हळूच म्हणायच्या, "तुझं खाल्लं रे बाबा." मगच स्वतः पाण्याचा घोट घ्यायच्या.

मागच्या साली दत्तजयंती आणि बडा दिन एकाच दिवशी आले. झाडं आदल्या दिवशीच विकून झाली होती. भानुमतीबाईंचा उपास होता, संध्याकाळच्या जन्मोत्सवाची तयारी करायची होती, आणि नेमक्या सकाळी इंदुमतीला कळा सुरू झाल्या. मुलगा रघुवीर रेल्वेत, रतलामला. भानुमतीबाईंच्या यजमानांनी, प्रतापरावांनी, नंदूचा टांगा बोलावला आणि तिघं मिशनच्या दवाखान्यात पोचले.

दारात प्रमोदिनी सिस्टर भेटल्या. पांढरी रेशमी साडी, केसांत गुलाब, हातात प्रार्थनेची पिशवी. त्यांना सुट्टी होती, नाताळच्या प्रार्थनेला त्या त्यांच्या देवळात निघाल्या होत्या. पण इंदुमतीचा चेहरा बघितला, पोटावर हात ठेवला आणि पिशवी कोपऱ्यात टाकून त्यांनी पदर खोचला.

"मूल पायाळू आहे," त्या म्हणाल्या. "आई, तुम्ही बाहेर बसा. तुमच्या देवाचं नाव घ्या. मी माझ्या देवाचं घेते. दोघांनाही आज काम आहे."

दिवसभर त्या आणि डॉक्टरीणबाई आतच होत्या. भानुमतीबाई व्हरांड्यात बसून दत्ताचं नाव घेत राहिल्या. सूर्य बुडत असताना मूल झालं. पण रडण्याचा आवाज आला नाही. कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. तोंडाला तोंड लावून सिस्टर त्या निळ्या पडलेल्या जिवात श्वास भरत होत्या, हे नंतर समजलं. मग मांजरीच्या पिल्लासारखा एक बारीक स्वर आला, आणि भानुमतीबाई होत्या तिथेच जमिनीवर डोकं टेकून बसल्या.

"मुलगी आहे," सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या. रेशमी साडीची पार दशा झाली होती. "दत्ताच्या जन्मवेळेला आली, तर दत्ताच्या आईचं नाव ठेवा. अनसूया. बघताय काय अशा? मी नगरकडची आहे. मला सगळं ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी आभार मानायला म्हणून भानुमतीबाई सिस्टरच्या खोलीवर गेल्या. भिंतीला टेकून एक सरू उभा होता; त्यांच्याच मळ्यातला. शेजारी चांदण्यांचा आणि काचेच्या गोळ्यांचा खोका दोरी न सोडता पडला होता. सण होऊन गेला होता आणि झाड तसंच, नुसतं.

भानुमतीबाईंना भरून आलं. मुळात बोलणं कमी; त्यात त्या घाईघाईनं बोलून गेल्या, "पुढच्या दत्तजयंतीला तुमचं झाड मी स्वतः घेऊन येईन. माझ्या हातानं उभं करीन, मगच उपास सोडीन. दत्ताच्या नावानं शब्द देते."

"बघा हं," सिस्टर हसल्या. "लहान पोरीसारखी वाट बघत बसेन मी."

दोघींच्या मनात त्या घडीला दत्तजयंती आणि नाताळ एकच होते.

वर्ष गेलं. अनू रांगायला लागली, उंबरा धरून उभी राहायला लागली. मार्गशीर्ष लागला तसं भानुमतीबाईंनी मळ्यातल्या तुकोजींना सांगून ठेवलं की दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी कापणी.

त्या गुरुवारी सकाळी प्रतापराव चहाचा कप घेऊन चुलीपाशी आले. बायकोच्या मौनाच्या दिवशी त्यांना बोलायला जरा जास्तच सुचायचं.

"तुकोजी करवत घासून बसलेत. म्हणतात, रविवारी कापायचं. मी म्हटलं, अरे भिया, बडा दिन कुठे, रविवार कुठे! आज दहा तारीख. एवढ्या लवकर कापून काय लोणचं घालायचंय?"

भानुमतीबाईंनी बोटांचा गोल करून पौर्णिमा दाखवली, मग कपाळाला हात लावून नमस्कार.

"दत्तजयंती? ती सोमवारी, बरोबर. मग?" प्रतापराव थबकले, आणि एकदम चहा सांडेपर्यंत हसले. "अरे देवा! तुम्ही मागच्या सालासारखं धरून बसलात की काय? अहो, त्यांचा देव पंचांग बघून जन्माला येत नाही. त्यांची तारीख पक्की, पंचवीस. आपली तिथी पुढेमागे सरकते. मागच्या साली अधिक महिना होता म्हणून दोघं एका दिवशी आले. ह्या साली दत्त आधी, बडा दिन नंतर. बोला! बोला ना काहीतरी. अरे हो, आज गुरुवार."

भानुमतीबाई हातातली फुंकणी घेऊन तशाच बसल्या. प्रतापरावांना वाटलं, बाई लाजल्या. त्यांनी तुकोजींना करवत ठेवायला सांगितली आणि विषय संपला असं समजून ते मल्हारगंजला निघून गेले.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावून भानुमतीबाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "मग माझा शब्द कुठल्या दिवसाचा?"

"कसला शब्द?"

त्यांनी सांगितलं. प्रतापराव सकाळसारखे हसले नाहीत. पण त्यांना त्यात अडचण दिसेना. "सिस्टरबाईंना झाड कशाला पाहिजे? नाताळला. चोवीसला न्या. त्या काय म्हणणार आहेत?"

"त्या काहीच म्हणणार नाहीत. पण मी नाताळ म्हटलं नव्हतं. दत्तजयंती म्हटलं होतं, आणि त्याच्याच नावानं."

"मग सोमवारी न्या. नाताळपर्यंत वाळून त्याचा झाडू होईल, झाडू! सिस्टरबाई त्यानं व्हरांडा झाडतील."

"तेच तर."

"दोन न्या मग. एक सोमवारी, एक नाताळला."

"पहिलं फेकायला त्यांनाच लावायचं? मागच्या साली सण घालवला त्यांचा, ह्या साली कचरा देऊ?"

प्रतापरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अहो, देव काय वकील आहे का, तुमचा एकेक शब्द धरून बसायला?"

"देव नाही हो," भानुमतीबाई हळूच म्हणाल्या. "मी आहे."

बोलता बोलता त्यांची नजर खिडकीतून पश्चिमेच्या बांधाकडे गेली आणि लगेच त्यांनी ती वळवली. तिथे घरातल्या माणसांचे सरू होते. ह्या घरात मूल झालं की सव्वा महिन्यानं बाळंतीण बाहेर पडायची ती हातात सरूचं रोप घेऊनच. ते बांधावर लावायचं. ते त्या मुलाचं. मूल मोठं होऊन स्वतः पहिल्यांदा करवत धरेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. प्रतापरावांचा सरू तिथे होता, रघुवीरचा होता. टोकाला अनूचा, कमरेएवढा. आख्ख्या मळ्यात मुळासकट उचलता येईल असं झाड तेवढंच. बाकीची सगळी जुनी खोडं.

अनूला वरणभात भरवत बसलेल्या इंदुमतीनं सासूची नजर जाताना पाहिली आणि परत येतानाही पाहिली.

दुसऱ्या दिवशी भानुमतीबाई गहू निवडत होत्या, तेव्हा ती समोर येऊन बसली. अनू सुपातले दाणे मुठीत धरून उधळायला लागली.

"आईसाहेब, अनूचं झाड न्या. मुळासकट, डब्यात. सोमवारी न्याल आणि नाताळलाही हिरवंच राहील."

भानुमतीबाईंचा हात सुपात थांबला. "मी तुला मागितलं नाही, इंदू."

"तुम्ही मागणारच नाही, मालूम आहे मला. कालपासून त्या खिडकीकडे पाठ करून बसताय."

"मुलीच्या नावाचं झाड आहे ते. उचललेलं झाड मरूही शकतं. सरूला मूळ हललेलं आवडत नाही. उद्या वाळलं तर तुझ्या मनात काय काय येईल, हे मला आत्ता दिसतंय. आणि मनात आलं की ते पुसता येत नाही."

इंदुमती अनूच्या मुठीतले दाणे सोडवत राहिली. "रात्री मी पण तोच विचार करत होते. मग मला दवाखान्यातलं ते टेबल आठवलं. मला वाटलं होतं पोर गेली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा तर तसाच झाला होता. सिस्टरच तेवढ्या सोडेनात." तिनं मान वर केली. "माझी पोर त्यांच्या हातात मेली नाही, आईसाहेब. झाडही नाही मरणार. मेलंच, तर ते झाड मेलं असं समजेन. हे मी आज सांगून ठेवते, म्हणजे उद्या तुम्ही मला आठवण करून द्यायची."

"कुणाच्या भिडेनं नाही ना बोलत?"

"तुमची भीड असती तर 'बघते' म्हटलं असतं. नेहमी तेच म्हणते मी."

भानुमतीबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी अनूला ओढून मांडीवर घेतलं. तिच्या केसांत अडकलेला गव्हाचा भुसा काढत बसल्या.

प्रतापरावांना हे पटायला एक दिवस लागला. मूळ आजवर मळ्याबाहेर गेलं नव्हतं. संताजीरावांच्या वेळेपासून नाही. ते बांधावर दोन चकरा मारून आले, स्वतःच्या सरूखाली उभे राहिले, घरात आले आणि इंदुमतीला म्हणाले, "डबा कुठला देतेस? रॉकेलचा देऊ नको, वास राहतो. तेलाचा दे, राखेनं घासून."

रविवारी उन्हं कलल्यावर सगळ्यांनी मिळून तो सरू काढला. आधी माती भिजवून घेतली. मग तुकोजींनी लांबून गोल चर खणला, प्रतापरावांनी खालून फावडं सरकवलं, आणि भानुमतीबाईंनी दोन्ही हातांनी मुळांचा गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळला. अनू आईच्या कडेवरून ओरडत होती. तिलाही माती हवी होती. गोळा डब्यात बरोबर बसला. इंदुमतीनं वरून पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "काय ठेंगणं दिसतंय! एक मोठी चांदणी लावली तर मान वाकेल ह्याची."

"छोटीच लावा म्हणावं," प्रतापराव म्हणाले. "आणि सण झाल्यावर अंगणात लावायला सांगा. सकाळचं ऊन येईल अशा जागी. पाणी रोज नको, बुडवतील नाहीतर. सगळं नीट सांगा, बरं का. गुरुवार नाही उद्या."

सोमवारी पहाटे भानुमतीबाईंनी अंघोळ केली, दत्ताच्या तसबिरीला फुलं वाहिली, तुळशीला पाणी घातलं. आपला तांब्या आज त्यांनी डब्यातल्या सरूलाच घातला आणि घोटभर पाणीही न घेता पायरी उतरल्या. इंदुमती दार धरून उभी होती. अनू आत झोपली होती. इंदुमतीनं डब्याला हात लावला आणि काढून घेतला.

रस्त्यावर धुकं होतं. नंदूचा टांगा येऊन उभा राहिला होता. डबा पुढे ठेवायला मदत करताना तो म्हणाला, "आईसाहेब, इतक्या सकाळी कुठे?"

"मिशनच्या दवाखान्यात."

"अरे! कोण बीमार आहे?"

"कुणी नाही रे बाबा. सगळे बरे आहेत." त्या चढून बसल्या. डबा दोन पावलांमध्ये घट्ट धरला, आणि वाऱ्यानं शेंडा हलू नये म्हणून त्यावरून शालीचं एक टोक घेतलं. "हळू चाल. खड्डे चुकव."