वरचा एक रुपया

"काच म्हणे. फुटली तर माझ्या मांडीवर, आणि जपायचं तेही मीच," रत्नाक्का पुटपुटल्या.

रिक्षात आम्ही खेटून बसलो होतो आणि दोघींच्या गुडघ्यांवर चित्र आडवं होतं. मला ऐकू यावं म्हणूनच पुटपुटल्या असाव्यात. माझी थोरली नणंद. मनातलं मनात ठेवायची त्यांना सवय नाही. त्या दिवशी मात्र एक गोष्ट त्यांनी ठेवली होती. मीही ठेवली होती.

चित्रं मी कुणाकडे शिकले नाही, नुसती काढत आले. काढलं की ते कुणाच्या तरी लग्नात, मुंजीत, घरभरणीत रंगीत कागदात गुंडाळून जायचं. आमचे हे, जयतीर्थ, चारचौघांत म्हणायचे, "हिच्यामुळे आहेराचा खर्च वाचतो." त्यामुळे सत्त्याण्णव साली बंगळुरात मल्लेश्वरमचा एक छोटा हॉल माझ्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी दोन दिवस मिळाला, तेव्हा घरात जेमतेम एका भिंतीपुरती चित्रं निघाली. मग नातेवाइकांकडे दिलेली मागत फिरले.

सगळीकडे एकच प्रकार. "तू बस, चहा घे, मी आणते." चित्र आतल्या खोलीतून यायचं, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन. के. आर. पुरमला, रत्नाक्कांच्या घरी, त्यांनी आणलं त्यावर तर मी गुंडाळलेला कागदही तसाच होता, चिकटपट्टीसकट.

"रेल्वेची धूळ फार गं इथे," अक्का म्हणाल्या.

"हो ना," मी म्हणाले, चहा संपवला आणि चित्र घेऊन आम्ही दोघी रिक्षाने हॉलवर निघालो.

हॉल सांभाळणारे पद्मनाभ बेळगावकडचे. त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. "प्रत्येक चित्राखाली किंमत पाहिजे, ताई. नसेल तर लोक विचारायला भितात."

लोकांचं माहीत नाही, मलाच लिहायची भीती वाटली. कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास घासाघीस करणारी मी, पण इथे पेन उचलेना. कमी लिहिलं तर चित्र तेवढ्याचंच ठरणार. जास्त लिहिलं तर कुणीतरी हसणार, आणि ते हसू मला जन्मभर ऐकू येणार.

"फ्रेमचे झाले तेवढे लिही आणि वर थोडे," जयतीर्थ म्हणाले. त्यांचाही आवाज उतरला होता.

शेवटी हाताला जे वळण होतं तेच कागदावर उतरलं. चित्र दिलं नसतं तर पाकिटात किती घातले असते? भाचीच्या लग्नाचं पाचशे एक. शेजारच्या मुंजीचं एकशे एक. अक्कांच्या घरभरणीचं दोनशे एक. दिलेली वस्तू विकायला मांडतेय हे टोचत होतं, पण विकलं जाणार नाही याची मला खात्रीच होती. गेलंच तर अक्कांना दुसरं काढून देईन.

"हा वरचा एक कशाला?" पद्मनाभांनी विचारलं.

"शुभ असतो."

"सरी, असू दे," ते म्हणाले आणि टाचण्या लावू लागले.

दुपारपर्यंत लोक पंख्याखाली उभे राहायला येत होते. मग पुण्याहून नोकरीला आलेली एक मुलगी अक्कांच्या चित्रापाशी थांबली. बराच वेळ हलेना.

"काकू, हे प्रिंट आहे ना?"

"नाही. हाताने काढलंय."

"मग दोनशे एक? काही डॅमेज आहे का?"

जयतीर्थ पंख्याकडे बघत होते. पद्मनाभ किल्ल्या मोजत होते.

"हे… हे यांचं आहे," मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या अक्कांकडे बोट केलं. भित्रेपणाच तो.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चष्मा लावून चित्राला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. रेल्वेचं फाटक बंद, पालेभाज्यांच्या टोपल्या घेऊन बायका ताटकळलेल्या, आणि त्यांच्यात हिरव्या साडीतली एक, डोळ्यांवर हात धरून गाडी येतेय का बघणारी.

"ही मी."

"हो. घराचं काम चालू असताना तुम्ही रोज जायचात ना, तेव्हाच्या."

"पायातल्या चपलासुद्धा माझ्याच," त्या हळूच म्हणाल्या. मग चष्मा काढून पदराला पुसू लागल्या. चष्मा पुसून झाला की मनातलं सगळं बाहेर येतं, ते मला ठाऊक होतं. नको, मी मनात म्हणत होते, आज नको, या मुलीसमोर नको.

जयतीर्थही घाबरलेच असावेत. "अक्का, चल, बाहेर स्वल्प कॉफी घेऊ."

"थांब रे." अक्का मुलीकडे वळल्या. "डॅमेज वगैरे काही नाही, बाळा. माझ्या पलंगाखाली पडून होतं, कागदसुद्धा काढला नव्हता. आज पहिल्यांदा बघतेय मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फुकट मिळत होतं ना, म्हणून आमच्यातल्या एकानेही हिचं चित्र कधी भिंतीला लावलं नाही."